हाताखालचा पाऊस

बावीस वर्षं मी फळ्यावर कांदा काढत होते. भूगोलाच्या पुस्तकात त्याला समोच्चरेषा म्हणतात. सारख्या उंचीवरची ठिकाणं जोडणारी रेषा ती समोच्चरेषा, ही व्याख्या पोरं झोपेतही म्हणतील इतकी पाठ. मग मी फळ्यावर एकात एक अशी वेडीवाकडी वर्तुळं काढायची आणि विचारायची, "हे काय आहे?" उत्तर यायला हवं डोंगर. यायचं कांदा. एका वर्षी एकाने जिलेबी म्हटलं, तेवढाच बदल.

मी चिडायची. मला चिडायला तसं फार काही लागत नाही. माझं माहेर बोदवडकडचं, सासर जळगावला मेहरूणचं, आणि दोन्हीकडे माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो अशी ख्याती आहे. गप्प बसणं मला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानही होता. तर अशी मी पाच वर्षांपूर्वी बदली होऊन शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत आले. आठवडाभर शिरपूरला खोली घेऊन राहायचं, सकाळी काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन गावात जायचं, शनिवारी एसटीने घरी. शाळेच्या व्हरांड्यातून अख्खा सातपुडा दिसतो. म्हणजे डोंगर पोरांच्या डोळ्यांसमोर, आणि फळ्यावर त्याच पोरांना दिसतो कांदा. माणसाने चिडू नये तर काय करावं?

शाळेला एक मोठा स्मार्ट टीव्ही मिळालेला होता. त्यावर मी ज्वालामुखी दाखवला, भूकंप दाखवला. पोरं सिनेमा बघावा तशी बघायची, आणि संपला की "अजून एक लावा ना मॅडम" म्हणायची. काय शिकलात विचारलं की सगळे टीव्हीकडे बघत बसायचे.

मग धुळ्याला प्रशिक्षण निघालं. प्रशिक्षण म्हणजे चहा, दोन बिस्किटं आणि सह्या, अशी माझी समजूत. त्या दिवशी मात्र सभागृहाच्या कोपऱ्यात एक पेटी ठेवलेली होती. टेबलाएवढी उंच, आत वाळू. वर लोखंडी दांड्याला एक कॅमेरा आणि प्रोजेक्टर टांगलेला. कॅमेरा वाळूची उंची मोजतो आणि प्रोजेक्टर त्याप्रमाणे वाळूवर रंग टाकतो. ढीग केला की वर तपकिरी-पांढरा, उताराला हिरवा, खड्ड्यात निळा. आणि रंगांच्या मधून काळ्या रेषा, माझ्या त्या समोच्चरेषा. वाळू हलवली की रेषाही सरकतात. एका शिक्षकाने ढिगावर तळहात आडवा धरला, तर कॅमेऱ्याला वाटलं ढग आला. हाताखाली निळा पाऊस पडायला लागला आणि पाणी उतारावरून वाहत खड्ड्यात साचलं. मी वेडीच झाले. जेवायला सगळे गेले, मी पेटीपाशीच. बावीस वर्षांचा कांदा माझ्या डोळ्यांसमोर डोंगर झाला होता आणि मला चक्क रडू येत होतं.

तशी पेटी शाळेत हवीच, असं मी परत येताना एसटीतच ठरवलं. गावातल्या सुतारदादांनी प्लायवूडची पेटी ठोकून दिली. प्रोजेक्टर शाळेत पडूनच होता. कॅमेरा म्हणजे व्हिडिओ गेमबरोबर यायचा तो जुना, आमच्या मुलीने कुठूनसा मिळवला. ती इंजिनिअरिंगला आहे. दोन रविवार बसून तिने लॅपटॉपमध्ये ते फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घातलं, आणि पुढचे पंधरा दिवस फोनवर माझा छळ केला. "मम्मी, मी काल सांगितलं तेच आज सांगतेय." "मम्मी, आधी केबल लाव, मग ओरड."

जागेचा प्रश्न होता. उजेडात रंग दिसत नाहीत. अख्ख्या शाळेत बिनखिडकीची एकच खोली, पोषण आहाराच्या धान्याची. मी मुख्याध्यापकांच्या मागे भुणभुण लावली. सर मुळात भिडस्त माणूस, माझ्यासमोर त्यांचं काय चालणार? तांदळाची नि डाळीची पोती त्यांनी आपल्या कार्यालयात घेतली आणि खोली मला दिली, तीसुद्धा तात्पुरती. "व्यवस्थापन समितीने मंजूर केलं तर पुढे बघू," असं ते म्हणाले. त्यानंतर सर पोत्यांमध्ये बसून काम करू लागले. उंदरांनी एक फाइल खाल्ली तेव्हा ते फक्त माझ्याकडे बघून सुस्कारले.

सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि काहीच दिसेना. म्हणजे रंग पडत होते, पण नदीची वाळू काळी, तिच्यावर हिरवाही काळा नि निळाही काळा. मी कपाळाला हात लावून बसले. तेव्हा सातवीतली एक मुलगी दारातून म्हणाली, "मॅडम, आमना धाबानी खारी माटी शे, पांढरी. लई येऊ का?" तिच्या घराचं जुनं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, पाडून तिथे स्लॅब टाकलेला होता आणि धाब्यावरच्या पांढऱ्या मातीचा ढीग अंगणात तसाच होता. दोन दिवस ती आणि तिच्या मैत्रिणी टोपल्या वाहत होत्या. माती चाळली, थोडी वाळू मिसळली, पाणी शिंपडलं, नि बटण दाबलं. खोलीतल्या बारा-तेरा पोरांच्या तोंडून एकदम "ओऽऽ" निघालं. आमच्या खोलीत सातपुडा उगवला होता.

त्या मुलीबद्दल सांगायला हवं. आईबाप ऊसतोडीला बाहेर, ही आजोबांजवळ राहते. पुस्तक वाचताना अडखळायची, प्रश्न विचारला की पायाच्या अंगठ्याकडे बघायची. पण पेटीपाशी तिचे हात बोलायला लागले. लॅपटॉप सुरू करणं, कॅमेरा जुळवणं हे तिने माझ्या आधी उचललं. एके दिवशी मी विचारलं, "रेषा जवळजवळ आल्या म्हणजे काय?" पुस्तकातलं उत्तर तीव्र उतार. ती म्हणाली, "जठे रेघा दाट, तठे दम लागस." सरपणाला डोंगर चढणारी पोरगी ती. मी तिचं वाक्य माझ्या टाचणवहीत लिहून घेतलं आणि त्या दिवशी काळी-पिवळीत शेजारच्या अनोळखी बाईलाही ऐकवलं.

पुढचं सगळं बिघडवलं ते मीच. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

वर्गातल्या एकाने विचारलं, "मॅडम, जमीनमा पानी कोठे लागी, हाई पेटी दिखाडस का?" मी काही म्हणायच्या आत दुसरा म्हणाला, "त्याले नाना शेत ना." त्यासाठी नाना आहेत ना, असं. नाना म्हणजे त्या मुलीचे आजोबा. ते पाणाडी. विहीर खणायची किंवा बोअर मारायची तर आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं येतं. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेतातून सावकाश चालायचं, जिथे नारळ उभा राहील तिथे पाणी. मला हे माहीत होतं. तरी मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "नारळ खोबऱ्यासाठी असतो रे. पाणी शोधायला डोकं लागतं."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग माझं लक्ष गेलं. ती मुलगी पेटीत हात घालून डोंगर थापत होती, तो हात तसाच थांबला होता. तिने तो हळूच बाहेर काढला, फ्रॉकला पुसला आणि मागे जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती खोलीत येईना. बाहेर पायरीवर बसायची. का गं, विचारलं तर, "माले सर्दी शे मॅडम, गार माटीमा हात नको." तिचं नाक कोरडं ठणठणीत होतं. खरं कारण मला कळत होतं, पण नानांच्या घरी जाऊन चुकलं म्हणावं एवढं माझं मन मोठं झालं नाही. आज जाईन, उद्या जाईन करत आठवडा गेला.

आणि सोमवारी सरांनी मला पोत्यांच्या मधल्या खुर्चीवर बसवून सांगितलं, "मॅडम, शुक्रवारी समितीची सभा आहे. खोलीचा विषय घेतलाय. नानांनीच घ्यायला सांगितला." नाना समितीचे अध्यक्ष होते. पालक म्हणून नातीची जबाबदारी त्यांच्यावर, आणि गावात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. सर पुढे म्हणाले, "तुमचं ते खोबऱ्याचं वाक्य गावात सगळ्यांना माहीत आहे." खोली गेली की पेटी पत्र्याच्या शेडमध्ये जाणार, तिच्यात कोंबड्या बसणार, आणि मी पुन्हा फळ्यावर कांदा काढणार. मला भीती वाटत होती, साधी, शाळकरी मुलीला वाटते तशी.

शुक्रवारी दुपारी समिती आली. सात-आठ माणसं, त्यात तीन बाया. नाना सगळ्यांत शेवटी आले. उंच, सुकलेला देह, पांढरी टोपी, खांद्यावर गमछा, हातात कापडी पिशवी. सकाळी कोणीतरी त्यांना शेत दाखवायला नेलं होतं, तिथूनच ते थेट आले होते. "राम राम मॅडम," म्हणाले, आवाजात राग नाही की काही नाही. त्या शांतपणानेच माझी पाचावर धारण बसली. लॅपटॉप जुळवायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून सरांनी त्या मुलीलाही आत बोलावलं. ती कोपऱ्यात उभी राहून काम करत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

मी बोलायला सुरुवात केली. डोंगर केला, दरी केली, रेषा दाखवल्या. पाऊस शेवटी दाखवायचा म्हणून राखून ठेवला होता, कारण तो पाहिल्यावर कोणीही मऊ होतं असा माझा अनुभव. समितीची माणसं मान डोलवत होती. नानांनी पेटीच्या काठाला हात लावला, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाले, "हाई तं आमना धाबानी माटी शे." मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "माले जरा पाहू द्या."

त्यांनी पिशवीतून नारळ काढला. डोळे मिटून काही पुटपुटले, नारळ तळहातावर आडवा ठेवला, शेंडी बोटांकडे. आणि हात पेटीवर धरून ते सावकाश पुढे सरकू लागले. खोलीत कोणी हलेना. बायांनी पदर सारखे केले.

आता कॅमेऱ्याला काय कळतंय, हात कोणाचा नि त्यावर नारळ आहे की लिंबू! त्याला वाटलं ढग आला. नानांच्या हाताखाली पाऊस पडायला लागला. निळं पाणी डोंगरावरून धावत निघालं, नाल्याला लागलं आणि खाली खड्ड्यात जाऊन चमकायला लागलं. नाना जिथे जातील तिथे पाऊस. एका मावशीने हात जोडले. एक जण पुटपुटला, "नाना, मशीनले बी समजनं."

मला काय होतंय ते माझ्या लक्षात यायलाच वेळ लागला. सुंठीवाचून खोकला गेला होता. यंत्राने नानांना ओळखलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होणार. नानांचा मान राहणार. नानांचं पाणी ज्या पेटीत दिसलं ती पेटी खोलीतून हलवायची कोणाची छाती होणार? खोली माझी, कायमची. मी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. सर माझ्या कानाशी कुजबुजले, "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची."

आणि खरं सांगितलं तर? हा पाऊस कोणाच्याही हाताखाली पडतो असं मी म्हटलं असतं तर पंधरवड्यात दुसऱ्यांदा मी नानांचं हसू केलं असतं, तेही गावासमोर. आणि खोली गेली असती ती गेलीच असती.

मी तोंड उघडलं. काही बोलले नाही. मी, जिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, ती भूगोलाची शिक्षिका, हाताची घडी घालून उभी राहिले.

त्या मुलीने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग नानांकडे. मग खाली मान घातली. नानांची नजर पावसावर नव्हतीच, ती नातीवर होती. आपलं माणूस आपल्या मोठेपणाने खूश व्हायला हवं ते खाली का बघतंय, एवढंच त्यांनी पाहिलं असणार. ते थांबले. नारळ उचलून त्यांनी पेटीच्या काठावर ठेवला. आणि रिकामा तळहात पुन्हा मातीवर धरला.

पाऊस पडला.

ते जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सर, तुमना हात धरा आठे." सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. सरांनी हात धरला. पाऊस पडला. "मावशी, तुमना." मावशीने घाबरत घाबरत हात पुढे केला, बांगड्यांसकट पाऊस पडला. नाना माझ्याकडे वळले. "मॅडम, हाऊ पाऊस बठ्ठासना हातखाले पडस का?"

"हो नाना," मी म्हणाले. "कोणाच्याही."

मला वाटलं होतं, आता खोलीत कोणीतरी फिस्सकन हसेल आणि संपलं. हसले ते नाना. आधी हळू, मग खांदे हलवत. "हात दाखवून अवलक्षण करी लिधं मी," ते म्हणाले, आणि मग सगळेच हसले. तो धाक एकदा गेला नि समितीतल्या माणसांची लहान मुलं झाली. आठ-दहा हात एकदम पेटीवर आले. असा पाऊस आमच्या तालुक्यात कधी पडला नसेल. डोंगर गेला, दरी गेली, सरांनी कौतुकाने केलेली शाळेची टेकडी पाण्याखाली गेली. एक मावशी म्हणाली, आमचं शेत वाचवा, आणि तिने मातीचा बांध घातला. ती बांध घालून पाणी अडवत होती, आणि मला वाटलं, ही माझ्या वर्गात असती तर पहिली आली असती.

हात काढल्यावर पाणी हळूहळू कमी होत गेलं. नाना ते वाकून बघत होते. "पानी गयं कोठे?" त्यांनी विचारलं.

"जमिनीत मुरलं," मी म्हटलं.

"मंग खाले काय शे?"

मी पेटीकडे पाहिलं. खोटं बोलायचं आता बळ नव्हतं. "प्लायवूड," मी म्हणाले.

नाना "अरारा" म्हणाले. मग ते सांगायला लागले, अगदी साध्या आवाजात, हिशोब समजावून द्यावा तसं. आमच्या गावाखाली वर काळी माती, तिच्या खाली पिवळी चिकण, ती पाणी खाली जाऊ देत नाही. चिकण संपली की गोटा लागतो, डोंगरातून वाहत आलेला, गोल गोल. पाणी त्या गोट्यात. हे त्यांना नारळाने सांगितलं नव्हतं. तरुणपणी ते विहिरी खणायला जायचे, दोराने खाली उतरायचे, पहारीचा आवाज बदलला की थर बदलला. उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे, शेजारच्या विहिरीत उन्हाळ्यात किती पाणी राहतं, हे सगळं ते शेतात शिरतानाच बघून घेतात. "मंग नारळ कशाला, नाना?" सरांनी विचारलं. नाना म्हणाले, "नारय नही धरा तं लोके म्हंतस, नाना नुसता फिरी उना."

नुसता फिरून आला म्हणे! खोलीत पुन्हा हशा. नानांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमनी पेटी बी तशीच शे मॅडम. डोंगर बाहेर उभा शे, पन पोरे पेटीमुये तं त्याकडे देखतस."

बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तोंडावर इतकं नेमकं कोणी बोललेलं नाही. मी तिथेच म्हणाले, "नाना, मी वर्गात तुमच्या नारळाला हसले. माझं चुकलं." नाना म्हणाले, चुकतं सगळ्यांचंच. त्यांनीही एकदा एका भाऊबंदाला जागा दाखवली होती, खाली कोरडं निघालं. भाऊबंद आला तेव्हा ते म्हणाले होते की पाणी तुझ्या नशिबात नाही. "खरं म्हंजे माले समजनंच नही व्हतं," नाना म्हणाले. "पन तसं सांगं नही मी. तो गया, त्याले आखरीपर्यंत वाटनं, त्यानं नशीबच खोटं."

मग नानांनी नारळ पिशवीत ठेवला, सरांना म्हणाले, वही काढा. खोली भूगोलाला द्यायची. धान्याला पत्र्याची कोठी आणायची, सरांना पोत्यांमधून सोडवायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. "एक अट लिहा," नाना म्हणाले. ती अट सरांनी त्यांच्या शब्दांत लिहिली नाही, शुद्ध मराठीत लिहिली, पण अर्थ तोच होता. पेटी चुकली किंवा मॅडम चुकल्या तर पोरांना त्याच दिवशी सांगायचं.

त्याच दिवशी शक्य नव्हतं, सभा संपेपर्यंत शाळा सुटली होती. त्या रात्री मी शिरपूरच्या खोलीवर भात केला, तो अर्धा तसाच राहिला. खोली मिळाली म्हणून आनंद होता, आणि तो पुरता माझा वाटत नव्हता. माझ्या मुलीला फोन केला. खोली मिळाली एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, आवाज का असा?" मी म्हटलं, सर्दी झालीय.

शनिवारी सकाळची शाळा. मी सातवीला पेटीभोवती उभं केलं. ती मुलगीही आली, कोपऱ्यात उभी राहिली. मी आधी सांगितलं की नारळाबद्दल मी बोलले ते चुकीचं होतं, आणि गावाखाली काय आहे ते नानांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मंगळवारी ते येऊन पिवळी चिकण नि गोटा दाखवणार आहेत. पोरं खूश झाली. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण अट वहीत लिहिलेली होती.

"अजून एक," मी म्हणाले. "काल नानांच्या हाताखाली पाऊस पडला. तो कोणाच्याही हाताखाली पडतो हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले. खोली जाऊ नये म्हणून."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्यांना धक्का कशाचा बसला होता ते थोड्याच वेळात कळलं. पुढचा एक जण डोळे मोठे करून म्हणाला, "मॅडम, तुम्ही? गप्प?"

सगळे हसले. मीही हसले, पण डोळे पुसून. ती मुलगी हसत नव्हती. ती पोरांना बाजूला सारत पुढे आली, पेटीच्या काठाशी उभी राहिली आणि बाह्या वर करू लागली.

"मी बी गप्पच बसनी मॅडम," ती मातीकडे बघत म्हणाली. "माले बी माहीत व्हतं. तुम्ही खोलीकरता, मी नानाकरता."

"मग आता?" मी विचारलं.

तिने दोन्ही हात मातीत घातले. "आते काय," ती म्हणाली, "नानानी आपले दोन्हीसले पकडं."